मार्टिन ल्यूथर: दारावरचा हातोडा आणि वाक्यातला 'च'

प्रश्न ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या एका बाईंचा आहे. त्या लिहितात: "क्रमिक पुस्तकात मार्टिन ल्यूथर दीड परिच्छेदात संपतो. चर्चच्या दारावर पंचाण्णव मुद्दे ठोकले, पोपशी भांडण झालं, बायबल जर्मनमध्ये आणलं. मुलं विचारतात, दाराला कागद लावल्याने युरोप कसा काय फुटला? त्यातच एका मुलीने कुठेसं वाचलं की हा माणूस ज्यूंबद्दल भयंकर लिहायचा. मग त्याला सुधारक का म्हणायचं? तुम्ही जर्मनमधून भाषांतरं करता. तुम्ही त्याच्याकडे कसं बघता?"

बाई, आधी माझी बाजू सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं कुठल्या खिडकीतून दिसतंय ते कळेल. मी चर्चच्या इतिहासाची अभ्यासक नाही. तीस वर्षं जर्मनमधून भाषांतरं करते आहे आणि त्यातलं पोटापाण्याचं काम म्हणजे पिंपरी-चाकणकडच्या कारखान्यांसाठी यंत्रांची मॅन्युअलं. 'झडप डावीकडे फिरवा, मग दाब तपासा' छापाची वाक्यं. ल्यूथर मला भेटला तो याच धंद्यातला एक जुना, तिखट जिभेचा माणूस म्हणून. पण त्याचं आयुष्य कळायला मला हीच वाट जवळची वाटते. तो शब्दावरून भांडला, शब्दांनी जिंकला आणि त्याच शब्दांनी त्याने माणसांच्या कत्तलीला आशीर्वाद दिला. तिन्ही कामं एकाच लेखणीची.

आता दार. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी नक्की घडलेली गोष्ट एकच आहे: विटेनबर्ग विद्यापीठातल्या ३३ वर्षांच्या एका साधू-प्राध्यापकाने माइन्झच्या आर्चबिशपला लॅटिनमध्ये पत्र लिहिलं आणि त्याबरोबर वादासाठी काढलेले ९५ मुद्दे पाठवले. ते पत्र आजही स्टॉकहोमच्या सरकारी दफ्तरखान्यात आहे. दारावर कागद लावल्याचं ल्यूथरने स्वतः कुठेही लिहिलेलं नाही. ते लिहिलं त्याचा सहकारी मेलांख्थोन याने, १५४६ मध्ये, ल्यूथर वारल्यावर. आणि हा मेलांख्थोन विटेनबर्गला आला तोच मुळी ऑगस्ट १५१८ मध्ये. कागद लावलाच नसेल असं मी म्हणत नाही. वादसभेची सूचना चर्चच्या दारावर लावायची विद्यापीठाची रीतच होती, तुमच्या कॉलेजच्या नोटीस बोर्डासारखी. म्हणजे लावला असला तरी त्यात बंडाचा आव नव्हता. आज तिथे दिसतं ते काशाचं दार १८५८ सालचं. जुनं लाकडी दार १७६० मध्ये, सप्तवार्षिक युद्धात चर्चला आग लागली तेव्हा गेलं. लोक त्या काशाच्या दारापुढे उभे राहून फोटो काढतात. मीही काढलाय.

मग भांडण कशावरून होतं? पापाची कबुली द्यायची, पाद्री सांगेल ते प्रायश्चित्त घ्यायचं आणि राहिलेली शिक्षा मेल्यावर शुद्धिस्थानात भोगायची, अशी ती व्यवस्था. त्या शिक्षेत सूट देणारं चर्चचं पत्र म्हणजे इंडल्जन्स. माइन्झचा आर्चबिशप आल्ब्रेख्ट पंचविशीही न गाठलेला. आधीच दोन गाद्यांवर बसलेला, त्याला ही तिसरी हवी होती. त्यासाठी रोमला मोठी रक्कम मोजावी लागली आणि ती त्याने आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांकडून उचलली. कर्ज फेडायला पोपने त्याला आपल्या मुलखात इंडल्जन्स विकायची मुभा दिली: निम्मा पैसा सावकाराला, निम्मा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला. योहान टेट्झेल नावाचा साधू गावोगाव फिरून ही पत्रं खपवायचा. पेटीत नाणं खणकलं की शुद्धिस्थानातला आत्मा वर उडतो, अशी तेव्हाची जाहिरात. ल्यूथरने सत्ताविसाव्या मुद्द्यात तिचा समाचार घेतलाय. शहाऐंशीव्या मुद्द्यात तो लोकांच्या तोंडचा सवाल पुढे करतो की पोप एवढा श्रीमंत आहे, तर गरिबांच्या पैशाऐवजी स्वतःच्या पैशाने चर्च का बांधत नाही?

मुलांना हे पैशाचं प्रकरण लगेच कळतं, आणि क्रमिक पुस्तकही तिथेच थांबतं. पण ९५ पैकी पहिला मुद्दा पैशाचा नाहीच. तो भाषांतराचा आहे. येशू म्हणतो त्या वाक्याचं चर्चमध्ये चालणारं लॅटिन रूप असं होतं की त्याचा अर्थ सरळ 'प्रायश्चित्त घ्या' असा निघे. म्हणजे एक विधी, पाद्रीसमोर करायचा आणि संपवायचा. मूळ ग्रीक शब्द वेगळा आहे. त्यात मन पालटण्याचा अर्थ आहे. हॉलंडचा विद्वान एरास्मुस याने १५१६ मध्ये ग्रीक नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, छापला होता आणि विद्वानांमध्ये त्या शब्दाची चर्चा सुरू होती. ल्यूथरने पहिल्याच मुद्द्यात लिहिलं की येशूला अभिप्रेत आहे ते श्रद्धावंताचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असणं. पुढे मे १५१८ मध्ये आपले वडीलधारे गुरू श्टाउपिट्झ यांना पत्र लिहून त्याने सांगितलं की हा ग्रीक शब्द उलगडला तेव्हा सगळं कसं लख्ख झालं. मराठीत 'प्रायश्चित्त घ्या' आणि 'पश्चात्ताप करा' यांत जेवढं अंतर आहे तेवढंच हे अंतर. एक भटजीकडे जाऊन उरकता येतं, दुसरं कोणी उरकून देऊ शकत नाही. अख्खा इंडल्जन्सचा बाजार पहिल्या शब्दावर उभा होता.

बरं, ते ९५ मुद्दे लॅटिनमध्ये. शेतकऱ्याला, चांभाराला त्यांचा काय उपयोग? युरोप फुटायला सुरुवात झाली ती मार्च १५१८ च्या आसपास, जेव्हा ल्यूथरने याच विषयावर साध्या जर्मनमध्ये वीस छोट्या परिच्छेदांचं एक चोपडं काढलं. चारदोन पानांचा मजकूर, घरात कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावा असा. पुढच्या दोन वर्षांत त्याच्या वीसहून अधिक आवृत्त्या निघाल्या, वेगवेगळ्या गावांत. छापखानेवाल्यांचं त्यात भक्तीपेक्षा गणित जास्त होतं: जाडजूड लॅटिन ग्रंथात भांडवल वर्षभर अडकतं, ल्यूथरचं चोपडं दोन दिवसांत छापून होतं आणि हातोहात जातं. वर्गात दाराऐवजी हे चोपडं सांगा, असं माझं मत. मुलांना मोबाइलवरून फिरणाऱ्या मजकुराचं गणित तुमच्या-माझ्यापेक्षा बरं कळतं.

पुढची तीन वर्षं भरभर सांगते, कारण ती सगळीकडे मिळतात. रोमने आधी दुर्लक्ष केलं, मग दूत पाठवले, मग जून १५२० मध्ये ताकीदपत्र काढलं. ल्यूथरने ते १० डिसेंबरला विटेनबर्गच्या वेशीबाहेर जाळलं. जानेवारी १५२१ मध्ये तो बहिष्कृत झाला. एप्रिलमध्ये वर्म्सच्या दरबारी सभेत, एकवीस वर्षांच्या सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर त्याला विचारलं की ही पुस्तकं तुझी का, आणि त्यातलं लिखाण मागे घेतोस का. त्याने एक दिवसाची मुदत मागितली (चित्रपटातला नायक अशी मुदत मागत नाही, पण मला तो क्षण आवडतो) आणि दुसऱ्या दिवशी नकार दिला. 'हा मी इथे उभा आहे' हे प्रसिद्ध वाक्य सभेतल्या नोंदींत नाही. ते विटेनबर्गच्या छापील प्रतीत मागून आलं. एवढं होऊन तो जिवंत राहिला तो सॅक्सनीचा राज्यकर्ता फ्रेडरिक याच्यामुळे. आणि या फ्रेडरिकची गंमत बघा: त्याच्याजवळ संतांच्या अस्थी, दात, केस असले १९ हजारांवर पवित्र अवशेष होते, त्यांच्या दर्शनालाही पापाच्या शिक्षेत सूट मिळायची. त्याने टेट्झेलला आपल्या हद्दीत येऊ दिलं नव्हतं, पण ते काही तत्त्वासाठी नव्हे. आपलं दुकान असताना शेजारचा फेरीवाला कोण घरात घेईल?

वर्म्सहून परतताना फ्रेडरिकच्याच माणसांनी ल्यूथरला वाटेत पळवल्याचा बनाव केला आणि वार्टबुर्गच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथे त्याने दाढी वाढवली, सरदाराचं नाव घेतलं, बद्धकोष्ठाच्या तक्रारी मित्रांना पत्रातून सविस्तर कळवल्या, आणि १५२१ च्या हिवाळ्यात सुमारे अकरा आठवड्यांत अख्खा नवा करार ग्रीकवरून जर्मनमध्ये उतरवला. अकरा आठवडे! ऐंशी पानांच्या मॅन्युअलला मी महिना मागते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जर्मनमधलं हे पहिलं बायबल नव्हे. १४६६ पासून ल्यूथरपर्यंत संपूर्ण बायबलच्या अठरा जर्मन आवृत्त्या छापून झाल्या होत्या. पण त्या लॅटिनवरून केलेल्या, आणि त्यांचं जर्मन म्हणजे लॅटिनच्या सांगाड्यावर चढवलेलं जर्मन कातडं. आपल्याकडच्या सरकारी परिपत्रकांचं मराठी वाचलंय ना, तशी ती भाषा. ल्यूथरने काय वेगळं केलं ते त्यानेच १५३० मध्ये एका खुल्या पत्रात सांगितलंय. भाषांतराच्या धंद्यावर त्याहून चांगलं लिखाण मी वाचलेलं नाही. आणि इतकं उर्मटही नाही.

तो म्हणतो, जर्मन कसं बोलायचं हे लॅटिन अक्षरांना विचारू नका. घरातल्या आईला विचारा, रस्त्यावरच्या पोरांना विचारा, बाजारातल्या साध्या माणसाला विचारा, त्यांच्या तोंडाकडे बघा आणि तसं भाषांतर करा. उदाहरण देतो मत्तयच्या शुभवर्तमानातलं. लॅटिनला चिकटून राहिलं तर वाक्य होतं, 'अंतःकरणाच्या विपुलतेतून तोंड बोलतं'. ल्यूथर विचारतो, हे कुठलं जर्मन? घराची विपुलता, शेगडीची विपुलता, बाकाची विपुलता असं कोणी म्हणतं का? घरातली आई म्हणते, काळीज ज्याने भरलंय तेच तोंडावाटे सांडतं. आपण म्हणू, आडात असेल तेच पोहऱ्यात येणार. म्हणण्याचा सूर तोच.

दुसरं उदाहरण मरियेचं, म्हणजे येशूच्या आईचं. देवदूत तिला अभिवादन करतो ते लॅटिनमध्ये 'कृपेने भरलेली' असं आहे. ल्यूथर म्हणतो, जर्मन माणसाने हे ऐकलं की त्याच्या डोळ्यांपुढे बिअरने भरलेलं पिंप किंवा पैशाने भरलेली थैली येते. खरं तर देवदूताने 'लाडके मरिये' असंच म्हटलं असतं. ते 'लाडके' काळजातून येतं, असा शब्द लॅटिनमध्ये असेल की नाही कोण जाणे. पण मी तसं लिहिलं असतं तर या लोकांनी स्वतःला फास लावून घेतला असता.

तिसरं उदाहरण म्हणजे ज्यासाठी हे पत्र लिहिलं गेलं ते. नव्या करारात पौल या येशूच्या प्रचारकाचं रोमकरांस पत्र आहे, त्यात एक वाक्य आहे: नियमशास्त्रातल्या कर्मांवाचून माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. ल्यूथरने जर्मनमध्ये एक शब्द जास्तीचा घातला. त्याचं वाक्य झालं: 'फक्त विश्वासाने'. मराठीत आपल्याला वेगळा शब्दही लागत नाही, एक 'च' पुरतो: विश्वासानेच. रोमच्या पंडितांनी आरडाओरडा केला की हा 'च' मूळ संहितेत नाही, याने देवाच्या शब्दात भेसळ केली. ल्यूथरचं उत्तर दोन पदरी आहे. पहिला पदर भाषेचा: जर्मनमध्ये एक गोष्ट होकारून दुसरी नाकारायची असेल तर हा शब्द यावाच लागतो. शेतकरी 'नुसतं' धान्य घेऊन आला, पैसे नाही आणले. तो 'नुसतं' काढून टाका, वाक्य लंगडं होतं. दुसरा पदर अर्थाचा: पौलाचा सगळा रोखच तिकडे आहे. आणि एवढं समजावून झाल्यावर तो टोला हाणतो की कोणी फारच कटकट केली तर सांगा, डॉक्टर मार्टिन ल्यूथरला ते तसंच हवंय, आणि तो म्हणतो की पोपवाला आणि गाढव ही एकच चीज आहे.

भाषांतरकार म्हणून मला विचाराल तर पहिला पदर पटतो, दुसऱ्याने अस्वस्थ होते. माझ्या मॅन्युअलमध्ये मी असा 'च' घातला आणि मशीन बिघडलं तर जबाबदार मी. मूळ लेखकाला 'काय म्हणायचं होतं' हे भाषांतरकाराने ठरवायला घेतलं की वाट निसरडी होते. पण प्रॉटेस्टंट पंथाचा अख्खा वेगळेपणा त्या 'च'मध्ये आहे, हेही तितकंच खरं. माणसाचा उद्धार दानधर्माने, यात्रांनी, उपासांनी मिळवायचा नाही. तो देवाकडून फुकट येतो, आणि आपल्या हाती फक्त भरवसा ठेवणं असतं. विशीत वादळात सापडून, विजेच्या भीतीने नवस बोलून साधू झालेला आणि मठात उपासतापासांनी शरीर झिजवूनही 'पुरे झालं का?' हा प्रश्न न सुटलेला माणूस त्या 'च'ला इतका का चिकटला, ते त्याच्या चरित्रावरून कळतं.

नवा करार सप्टेंबर १५२२ मध्ये विटेनबर्गला छापून झाला, सुमारे ३००० प्रती, चित्रकार लूकास क्रानाखच्या कारखान्यातली लाकडी ठशांची चित्रं घालून. प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकातल्या बाबेलच्या वेश्येच्या डोक्यावर क्रानाखने पोपचा तिहेरी मुकुट चढवला होता. ओरड झाली, म्हणून डिसेंबरच्या आवृत्तीत मुकुटाचे वरचे मजले छाटले. म्हणजे तीन महिन्यांत दुसरी आवृत्ती. जुन्या कराराला मात्र बारा वर्षं लागली. संपूर्ण बायबल १५३४ ला आलं. ते एकट्याचं काम नव्हतं. मेलांख्थोन, हिब्रूचा प्राध्यापक आउरोगालुस असे चार-सहा जण टेबलाभोवती बसायचे. ईयोबाच्या पुस्तकाशी झटताना चार दिवसांत जेमतेम तीन ओळी व्हायच्या, असं ल्यूथर सांगतो. आता वाचणारा रंधा मारलेल्या फळीवरून बोट फिरवावं तसा सरसर जातो, पण तिथे आधी केवढे धोंडे आणि बुंधे होते ते त्याला दिसत नाहीत, अशी त्याची तक्रार. बळीच्या जनावराचे अवयव कळावेत म्हणून त्याने खाटकाला मेंढे कापायला लावून एकेका भागाचं नाव विचारून घेतलं, असं त्याच्या शिष्याने लिहून ठेवलंय. प्रकटीकरणातल्या रत्नांची नावं जुळवायला दरबारातून खरी रत्नं मागवली. हे वाचलं तेव्हा मी एका कारखान्यात जाऊन झडपेला फिटर लोक काय म्हणतात ते विचारलं होतं. ते 'व्हॉल्व्ह'च म्हणतात. मॅन्युअलमध्ये 'झडप' राहिली, कारण गिऱ्हाइकाला ती हवी होती.

जर्मन भाषेवर या बायबलचा परिणाम केवढा, ते असं सांगता येईल. त्या वेळी उत्तरेचं आणि दक्षिणेचं जर्मन वेगळं होतं. दक्षिणेकडच्या बाझेलच्या छापखानेवाल्याने १५२३ मध्ये ल्यूथरचा नवा करार छापताना शेवटी शब्दसूची जोडली, कारण 'ओठ' यासाठीचा ल्यूथरचा शब्दसुद्धा तिथल्या वाचकांना परका होता. आज सगळं जर्मनी ल्यूथरचाच शब्द वापरतं. 'सात मोहरांचं पुस्तक', 'डुकरांपुढे मोती टाकणं' हे वाक्प्रचार जर्मन माणूस बायबल कधी न उघडताही वापरतो. नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमच्या तटाची भगदाडं बुजवण्याचा प्रसंग आहे. ल्यूथरच्या तिथल्या शब्दांवरून आज कोणाच्या तरी जागी तात्पुरत्या उभ्या केलेल्या माणसाला 'ल्युकनब्यूसर', म्हणजे भगदाड-बुजव्या म्हणतात. त्याच्या शत्रूंनीही त्याची भाषा उचलली. सॅक्सनीच्या दुसऱ्या शाखेतल्या ड्यूक गेओर्गने ल्यूथरचा नवा करार बंद केला आणि एम्झर नावाच्या पंडिताकडून वेगळा काढवला. एम्झरने ल्यूथरचीच वाक्यं घेऊन थोडी इकडेतिकडे केली. माझी भाषा चोरून माझ्यावर बंदी, असं ल्यूथरने ते बोलून दाखवलं.

आता त्याच भाषेची दुसरी बाजू. १५२५ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या शेतकऱ्यांनी मेमिंगेनला बारा मागण्या लिहून काढल्या: आमचा पाद्री आम्ही निवडू, वेठ आणि गुलामी बंद करा, जंगलातलं लाकूड, नदीतले मासे सगळ्यांचे. मागण्यांशेजारी समासात बायबलची वचनं दिलेली होती. बायबल लोकांच्या हाती दिल्यावर लोक ते वाचणार आणि आपल्या परिस्थितीला लावून बघणार, यात नवल काय? ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना दटावलं, त्यातही सरदारांना जास्त. पण बंड पेटलं, मठ आणि गढ्या जळू लागल्या, तेव्हा मे महिन्यात त्याने शेतकऱ्यांविरुद्ध जे चोपडं लिहिलं ते वाचताना आजही हात गार पडतात. जमेल त्याने, उघड किंवा लपून, त्यांना भोसका, ठेचा, गळा दाबा, पिसाळलेलं कुत्रं मारतात तसं मारा. वाक्यं तशीच: छोटी, ठसकेबाज, बाजारातल्या माणसाला पाठ होतील अशी. १५ मे रोजी फ्रांकेनहाउझेनला सरदारांच्या फौजेने शेतकऱ्यांची कत्तल केली. त्यांचा पुढारी थोमास म्युन्त्सर, एकेकाळी ल्यूथरचाच अनुयायी, त्याचं डोकं उडवलं. सगळ्या बंडात मेलेल्यांचे अंदाज सत्तर हजार ते एक लाख असे सांगतात. ते सगळे ल्यूथरच्या चोपड्याने मेले नाहीत. सरदारांना परवानगीची गरज नव्हती. पण त्याने ती दिली. त्यानंतर त्याची चळवळ राजेरजवाड्यांच्या आश्रयाने चालली, आणि १५५५ च्या तहात 'ज्याचं राज्य त्याचा पंथ' हेच ठरलं.

१५२५ च्याच जूनमध्ये ल्यूथरने लग्न केलं. कातारीना फॉन बोरा ही मठातून पळालेली जोगीण. १५२३ च्या ईस्टरला ती आणि तिच्या सोबतिणी हेरिंग माशांच्या व्यापाऱ्याच्या गाडीतून निसटल्या होत्या. ज्या मठात तो साधू होता तोच आता त्यांचं घर झाला. तिने तिथे बिअर गाळली, शेती केली, डुकरं पाळली, विद्यार्थ्यांची खाणावळ चालवली. सहा मुलं झाली. ल्यूथर तिला पत्रात 'श्रीयुत केटे' म्हणायचा, अर्धं चेष्टेत, अर्धं खरंच. प्रॉटेस्टंट पाद्र्याचं बायकामुलांचं घर ही गोष्ट पुढे जर्मन समाजात मोठी संस्था झाली, तिचा हा पहिला नमुना. शाळांबद्दलही थोडं: १५२४ मध्ये त्याने गावोगावच्या नगरसभांना लिहिलं की बंदुका, रस्ते, धरणं यांवर दरवर्षी एवढा खर्च करता, तर त्यातला थोडा मुलांच्या आणि मुलींच्या शाळांवर करा. तुमच्या वर्गात वाचायला हे बरं आहे. आणि गाणी. चर्चमध्ये आधी गायचे पाद्री आणि गायकवृंद, लॅटिनमध्ये. ल्यूथरने जमलेल्या सगळ्यांना त्यांच्या भाषेत गायला लावलं, स्वतः पदं रचली, चालीही बांधल्या. आयझेनाखच्या ज्या लॅटिन शाळेत ल्यूथर शिकला त्याच शाळेत पुढे संगीतकार बाख शिकला. बाखचं संगीत त्या पदांवाचून उभंच राहत नाही.

ही लाट जर्मनीबाहेर गेली तेव्हाही ती मुख्यतः भाषेची लाट होती, आणि हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. मिकाएल आग्रिकोला नावाचा फिनलंडचा तरुण विटेनबर्गला शिकून परतला आणि त्याने फिनिश लिपिबद्ध केली. १५४८ चा त्याचा नवा करार म्हणजे त्या भाषेचा पाया. लिथुएनियन भाषेतलं पहिलं छापील पुस्तक १५४७ चं, ल्यूथरपंथी प्रश्नोत्तरांचं. स्लोव्हेनियनमधली पहिली पुस्तकं १५५० ची, प्रिमोझ त्रूबार या ल्यूथरपंथी पाद्र्याची. त्याचं चित्र आज स्लोव्हेनियाच्या एक युरोच्या नाण्यावर आहे.

मुलं हमखास गोंधळतात म्हणून तेही सांगते: मार्टिन ल्यूथर किंग वेगळा. पण नावाचं नातं खरं आहे. त्याचे वडील मायकेल किंग हे अटलांटाचे बाप्टिस्ट पाद्री १९३४ मध्ये जर्मनीला जाऊन आले आणि त्यानंतर त्यांनी स्वतःचं व मुलाचं नाव बदलून मार्टिन ल्यूथर केलं.

आपल्याकडचा धागा? तो जपून ओढावा लागतो. न्यायमूर्ती रानड्यांनी मराठी सत्तेच्या उदयावरच्या १९०० सालच्या पुस्तकात आपल्या संतांच्या चळवळीची तुलना युरोपातल्या धर्मसुधारणेशी केली, आणि तेव्हापासून निबंधांत ज्ञानोबा-तुकोबांशेजारी ल्यूथर बसवायची रीत पडली. लोकभाषेपुरती ती तुलना चालते; एकनाथांनी प्राकृताची बाजू घेऊन संस्कृत पंडितांना टोमणा मारला तो ल्यूथरला आवडला असता. पण वारकऱ्यांनी वेगळं चर्च काढलं नाही, राजे त्यांच्या मागे उभे राहून लढले नाहीत, आणि कोणी कोणाला जाळलं नाही. तुलना तिथे सोडावी.

खरा, कागदोपत्री धागा दोन ठिकाणी सापडतो. पहिला उलट्या बाजूचा आहे. ल्यूथरपंथाच्या विरोधातल्या फळीत पुढे असलेल्या येझुइट संघातला थॉमस स्टीफन्स, इंग्लंडात प्रॉटेस्टंट राणीचं राज्य असताना देश सोडून गेलेला कॅथलिक, १५७९ मध्ये गोव्याला पोचला आणि त्याने ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ मध्ये रायतूरला छापलं गेलं. म्हणजे मराठीला ओव्यांचा एक थोर परदेशी कवी मिळाला तो युरोपातल्या त्या भांडणाच्या उडालेल्या ठिणगीतून. दुसरा धागा पंडिता रमाबाईंचा. त्या ल्यूथरपंथी नव्हत्या. पण केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून, हिब्रू आणि ग्रीक शिकून, त्यांनी बायबल मुळावरून सोप्या मराठीत आणलं. संस्कृत ज्यांच्या जिभेवर नाचायचं त्या बाईंनी मुद्दाम संस्कृत टाळलं, कारण वाचणाऱ्या होत्या नुकती अक्षरओळख झालेल्या बाया. खिळे जुळवण्यापासून छापण्यापर्यंतचं काम तिथल्या मुली-बायकांनीच केलं. रमाबाई ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ ला निघालं. 'घरातल्या आईला विचारा' हे ल्यूथरचं म्हणणं त्याच्याहूनही पुढे त्यांनी नेलं असं मला वाटतं, कारण इथे ती आईच छापखान्यात उभी होती.

आता तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न, जो मी शेवटी ठेवला, कारण तो ल्यूथरच्या आयुष्याच्याही शेवटचा आहे. तिने वाचलं ते खरं आहे. १५२३ मध्ये त्याने लिहिलं होतं की येशू जन्माने ज्यू होता, ज्यूंशी माणुसकीने वागा. त्यात हेतू होताच: असं वागल्यावर ते ख्रिस्ती होतील. ते झाले नाहीत. १५४३ मध्ये आजारी, चिडक्या, साठीला टेकलेल्या ल्यूथरने ज्यूंविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि राजांना यादीच दिली: त्यांची प्रार्थनामंदिरं जाळा, घरं पाडा, ग्रंथ हिसकावा, रब्बींना शिकवू देऊ नका, पैसा काढून घ्या, तरुणांना कुदळ-फावडं देऊन राबवा. 'त्या काळी सगळेच तसं बोलत' हे समर्थन मी ऐकलंय. अर्धवट खरं आहे. पण सगळ्यांच्या हाती ल्यूथरची भाषा नव्हती. एप्रिल १९४६ मध्ये न्यूरेम्बर्गच्या खटल्यात नाझी प्रचारक श्ट्रायशर साक्षीत म्हणाला की आज डॉक्टर ल्यूथर आरोपीच्या पिंजऱ्यात माझ्याजागी बसले असते. त्याने स्वतःचा बचाव म्हणून ते म्हटलं, म्हणून ते तसंच्या तसं स्वीकारायचं नाही. ल्यूथर ते नाझी ही सरळ रेघ नाही. पण ते पुस्तक श्ट्रायशरच्या हाती तयार होतं, आणि वाचनीय जर्मनमध्ये होतं, हे नाकारता येत नाही.

विटेनबर्गला ल्यूथर जिथे प्रवचनं द्यायचा त्या गावच्या चर्चच्या भिंतीवर, वर छपराजवळ, तेराव्या-चौदाव्या शतकातलं ज्यूंची विटंबना करणारं डुकरिणीचं दगडी शिल्प आहे. ल्यूथरने त्याचा दाखला देऊन लिहिलंय. १९८८ मध्ये त्याच्या खाली जमिनीत स्मारकाची फरशी बसवली. शिल्प काढून टाकावं म्हणून खटला झाला, आणि जून २०२२ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने ते राहू दिलं, खालच्या स्मारकामुळे आणि माहितीच्या फलकामुळे. मी तिथे अर्धा तास उभी होते. काशाच्या दारापाशी गर्दी होती, इथे कोणी नव्हतं. तेव्हा सुधारक म्हणायचं का? सुधारणा त्याने केली, म्हणून म्हणायचं. मोठा माणूस म्हणायचं की नाही ते तुमच्या वर्गाने ठरवावं. १५१८ चं चोपडं, १५३० चं पत्र आणि १५४३ ची यादी तिन्ही शेजारी ठेवून.

तो १८ फेब्रुवारी १५४६ रोजी आइस्लेबेनला वारला, ज्या गावी १४८३ मध्ये जन्मला तिथेच. दोन सरदार भावांचं भांडण मिटवायला भर थंडीत गेला होता. दोन दिवस आधी लिहिलेली एक चिठ्ठी मागे राहिली. रोमन कवी व्हर्जिलची गुराखी-गाणी कळायला पाच वर्षं गुरं राखायला हवीत, त्याची शेतीवरची कविता कळायला पाच वर्षं शेती करायला हवी, आणि बायबल पुरतं चाखायला शंभर वर्षं संदेष्ट्यांच्या सोबतीने मंडळ्या सांभाळायला हव्यात, असं लॅटिनमध्ये लिहून शेवटी दोन छोटी वाक्यं आहेत. पहिलं जर्मन: 'वीर झिंट बेटलर.' दुसरं लॅटिन: 'होक एस्ट वेरुम.' दुसरं सोपं आहे: हे खरं आहे. पहिलं मी गेली कित्येक वर्षं मराठीत बसवते आहे. 'आम्ही भिकारी आहोत' म्हटलं तर शिवी वाटते. 'याचक' म्हटलं तर तो म्हणतो तसं पंडिताचं तोंड दिसतं. 'भिक्षेकरी'ला झोळी आणि मठ चिकटलेला, आणि मठ तर त्याने सोडलेला. एकदा घरी कामाला येणाऱ्या मावशींना विचारलं, दारात हात पसरून उभ्या माणसाला तुम्ही काय म्हणता? त्या म्हणाल्या, "मागतकरी. पण तोंडावर नाही म्हणत." वहीत सध्या तोच शब्द आहे, पेन्सिलीने.